तोफखान्याचा जमाखर्च

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात लढाईचा सन असतो, सेनापतींची नावे असतात, तहाची कलमे असतात. लढाईचा खर्च मात्र नसतो. फौजेचा पगार कोणी दिला, तोफ ओतायला धातू कोठून आला, दारूसाठी सोरा कोणी गोळा केला आणि या सगळ्याचा बोजा शेवटी कोणाच्या पाठीवर पडला, हे आपण मुलांना सांगत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या मुलांना टिपू सुलतानचे अग्निबाण माहीत असतात आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचे 'अग्नी' क्षेपणास्त्रही माहीत असते. दोन्ही नावे घेताना त्यांची छाती फुगते, आणि त्यात गैर काही नाही. पण या दोन नावांच्या मध्ये जवळपास दोनशे वर्षे आहेत. त्या दोनशे वर्षांत या देशातील रयतेने फौजेसाठी आणि शस्त्रांच्या संशोधनासाठी काय मोजले आणि त्या बदल्यात तिच्या पदरी काय पडले, हा प्रश्न अभिमानापेक्षा अवघड आहे. तो विचारण्यासाठी हा लेख.

लष्करी खर्चाबद्दल दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे की, हा पैसा बारुदीबरोबर जळून जातो. तोफेने पीक येत नाही. दुसरे मत असे की, फौजेमुळे कारखाने निघतात, हातांना काम मिळते, नवे शोध लागतात. दोन्ही मतांना इतिहासात आधार सापडतो. अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नाही. एमिल बेनवा या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली विकसनशील देशांची आकडेवारी मांडून संरक्षणखर्च आणि आर्थिक वाढ बरोबरीने जातात असे दाखवले. त्यानंतर अनेकांनी त्याच आकड्यांवरून आणि नव्या आकड्यांवरून उलट निष्कर्ष काढले. म्हणून सरसकट होय किंवा नाही म्हणण्यापेक्षा प्रत्येक काळाला तीन साधे प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पैसा कोठून आला? तो कोणाच्या हाती गेला? आणि कारखान्याच्या फाटकातून युद्धाच्या सामानाशिवाय बाहेर काय आले? या तिसऱ्या प्रश्नावरच सारे अवलंबून आहे, हे पुढे दिसेल.

श्रीरंगपट्टणचे कारखाने

हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या बाजूने आणि विरोधात आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तो वाद येथे नाही. येथे त्यांच्या कारखान्यांपुरताच विचार आहे.

दारू भरलेले बाण हिंदुस्थानात म्हैसूरच्या आधीपासून होते. जुन्या मराठी कागदपत्रांत त्यांना 'बाण' असेच म्हटले आहे. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांतही ते वापरले जात. म्हैसूरने सुधारणा केली ती नळीत. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीऐवजी त्यांनी लोखंडी नळी वापरली. लोखंडी नळीत दारू ठासून भरता येई, आतला दाब वाढला तरी नळी फुटत नसे आणि बाण लांब जाई. दिशा राहावी म्हणून नळीला लांब बांबू किंवा तलवारीचे पाते बांधत. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या दारूगोळ्याच्या गाड्यांनी पेट घेतला आणि कंपनीच्या फौजेची दाणादाण उडाली. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेठच्या झाडीत कर्नल आर्थर वेलस्लीची तुकडी बाणांच्या माऱ्यात गोंधळून मागे फिरली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

असा बाण केवळ शौर्यातून तयार होत नाही. त्याला चांगले लोखंड लागते, ते वळवणारा लोहार लागतो, सोरा, गंधक आणि कोळसा यांचे प्रमाण जाणणारा कारागीर लागतो. म्हैसूरच्या हुकूमतीने असे कारागीर एकत्र आणले, कारखाने घातले. १७८७ साली टिपूने फ्रान्सला वकील पाठवले, तेव्हा फ्रेंच राजाकडे फौजेबरोबर कारागीरही मागितले. रेशमाचे किडे बंगालहून आणवून रेशमाची लागवड सुरू केली. मस्कतला व्यापारी कोठी ठेवली. चंदन आणि मिरी यांचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. मधले पाळेगार दूर करून जमीनमहसूल थेट खजिन्यात आणला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळते की, पैसा राज्यातल्याच शेतीतून आणि व्यापारातून आला, आणि रयतेवरचा बोजा हलका नव्हता. दुसऱ्याचे उत्तर असे की, त्यातला मोठा भाग राज्यातल्याच शिपायाच्या आणि कारागिराच्या हाती गेला. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र हिशेब अडतो. हे सारे हुनर हुकूमतीच्या मालकीचे होते. सरकारी कारखान्यात शिकलेली लोखंडाची विद्या बाहेरच्या बाजारात नेऊन तिच्यावर नवा धंदा उभा करील असा स्वतंत्र कारखानदार तेथे तयार झाला नाही; तेवढी शांतता आणि तेवढा अवधीही मिळाला नाही.

१७९२ च्या तहात टिपूला निम्मे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये खंडणी द्यावी लागली. ती घेणाऱ्यांत कंपनी आणि निजाम यांच्याबरोबर पुणे दरबारही होता. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन या मोहिमेत होते. उत्पन्न निम्मे झाले आणि देणे वाढले. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला आणि कारखान्यांचा धनी गेला. म्हैसूरच्या नव्या राज्याला कंपनीच्या तैनाती फौजेसाठी दरसाल ७ लाख होन मोजावे लागले. म्हणजे फौजेचा खर्च राहिलाच, फक्त तो दुसऱ्याच्या फौजेसाठी झाला. २०१८ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात नगर या गावी एका जुन्या विहिरीचा गाळ उपसताना हजारावर गंजलेले अग्निबाण सापडले. नगर म्हणजे जुने बिदनूर. ती विहीर मला म्हैसूरच्या विद्येचे खरे चित्र वाटते. विद्या होती, पण ती पाण्यातून वर आली नाही.

श्रीरंगपट्टणहून बाणांचे नमुने इंग्लंडला गेले. लंडनजवळ वुलिच येथील सरकारी शस्त्रशाळेत विल्यम काँग्रीव्हने १८०४ पासून त्यांच्यावर प्रयोग केले. १८०६ मध्ये बुलोन आणि १८०७ मध्ये कोपनहेगन या शहरांवर इंग्रजांनी ते सोडले. इंग्लंडमध्येही युद्ध फुकट झाले नाही. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी त्या देशाने १७९९ सालीच पहिल्यांदा प्राप्तिकर बसवला आणि १८१५ पर्यंत डोक्यावर प्रचंड कर्ज करून ठेवले. पण तेथे एक गोष्ट वेगळी घडत होती. जॉन विल्किन्सन नावाच्या खाजगी लोखंड-कारखानदाराने १७७४ साली तोफेची नळी अचूक कोरण्याचे यंत्र काढले. भरीव ओतलेल्या लोखंडात सरळ, गोल भोक पाडणे हे तोफेसाठी हवे होते. जेम्स वॉटला त्याच वेळी आपल्या वाफेच्या इंजिनासाठी अचूक कोरलेला सिलिंडर मिळत नव्हता. वाफ फटीतून निसटत होती. विल्किन्सनच्या कारखान्याने तोफेच्या विद्येवरून तसा सिलिंडर कोरून दिला आणि १७७६ मध्ये वॉटची इंजिने चालू झाली. तोफेचे पेटंटही १७७९ मध्ये रद्द झाले आणि ती युक्ती इतरांना मोकळी झाली. तोफ कोरणारा हात इंजिन कोरू लागला. श्रीरंगपट्टण आणि इंग्लंड यांच्यातला फरक अकलेचा नव्हता. विद्या फाटकाबाहेर जाऊ शकते की नाही, एवढाच तो फरक होता.

शिकलगाराची सहाण आणि मिठाची पट्टी

कंपनीने हिंदुस्थानात आपले शस्त्रकारखाने काढले. कलकत्त्याजवळ काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना १८०२ मध्ये चालू झाला. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये निघाला. राबणारे हात येथले होते, पण आराखडे, परीक्षा आणि वरची जागा साहेबाकडे होती. दुसरीकडे देशी राज्ये एकामागून एक बुडाली आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. फौजेच्या आश्रयाने जगणाऱ्या जमातींचे काय झाले, हे पाहायला दूर जायला नको. शिकलगार हे आडनाव आपल्यात आहे. 'सैकल' म्हणजे पाणी देणे, झिलई करणे. तलवारीला पाणी आणि धार देणारे हे लोक पुढे गावोगाव फिरून कात्र्या, विळे आणि सुऱ्यांना धार लावू लागले. घोड्यांचे जीन शिवणारे जिनगर दुसऱ्या धंद्यांकडे वळले. बारुदीचे प्रमाण जाणणारा आतषबाज लग्नाच्या वरातीपुरता उरला. हुकूमत बदलली की बुडणारा रोजगार, हा लष्करी खर्चाच्या जमाखर्चातला एक कायमचा रकाना आहे. आपल्या मोहल्ल्यांतील गरिबीचा इतिहास लिहायचा तर हा रकाना भरावा लागेल.

आणि फौजेचा खर्च? तो कमी झाला नाही, वाढला. हिंदुस्थानच्या महसुलातून इंग्रज सरकारने केवळ येथल्या रक्षणाची फौज पोसली नाही. १८६७-६८ च्या अबिसिनियाच्या मोहिमेत आणि १८८२ च्या इजिप्तच्या मोहिमेत येथली पलटणे गेली आणि त्यांच्या खर्चाचा वाटा येथल्या खजिन्यावर पडला. १८८५ साली अफगाण सरहद्दीवर पंजदेहला रशियाशी तंटा झाला आणि सुमारे तीस हजारांनी फौज वाढवायचे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचे पहिले अधिवेशन गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. त्या अधिवेशनाच्या ठरावांत एक ठराव असा होता की, लष्करी खर्चाची ही वाढ अनावश्यक आणि देशाच्या ऐपतीबाहेरची आहे. आपल्या राष्ट्रीय चळवळीचा जन्म आणि लष्करी खर्चाचा प्रश्न असे एकाच मांडवातले आहेत.

ठराव झाला, पण खर्च झालाच. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. प्राप्तिकर पगारदाराने आणि व्यापाऱ्याने दिला, मिठाचा कर मजुराच्या भाकरीतून गेला. दादाभाई नवरोजी यांनी हा प्रश्न विलायतेत धसाला लावला. १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी कमिशनवर ते सभासद होते, आणि १८९७ मध्ये त्याच कमिशनपुढे तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्ष दिली. १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना गोखले वर्षानुवर्षे एकच हिशेब मांडत राहिले. फौजेवर इतके आणि प्राथमिक शिक्षणावर इतके थोडे का? मिठाचा कर कमी का होत नाही? १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र १९१२ मध्ये फेटाळले गेले. आमच्यासारख्या शिक्षकांनी ही तारीख विसरू नये.

दुसऱ्या महायुद्धात हा हिशेब पराकोटीला गेला. नोव्हेंबर १९३९ च्या करारानुसार हिंदुस्थानच्या स्वतःच्या रक्षणाचा खर्च येथल्या खजिन्याने आणि परदेशातल्या युद्धाचा खर्च ब्रिटनने करायचा असे ठरले. ब्रिटनने आपला वाटा लंडनमधल्या खात्यावर पौंडांत जमा दाखवला. येथे मात्र कापड, बूट, तंबू, धान्य आणि पोलाद रोख रुपयांत विकत घेतले जात होते, आणि त्यासाठी नोटा छापल्या गेल्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सुमारे सहा पटींनी वाढल्या. गिरणीवाल्याला, ठेकेदाराला नफा झाला. फौजेच्या कामावर असलेल्याला मजुरी मिळाली. ज्याच्याजवळ फक्त अंगमेहनत होती आणि ज्याला युद्धाच्या कामात जागा नव्हती, त्याची मजुरी भावाच्या मागे धावू शकली नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, तेथे धान्याच्या तुटीपेक्षा युद्धाच्या तेजीने वाढलेले भाव हे मोठे कारण होते. मेलेल्यांत पूर्व बंगालचे भूमिहीन शेतमजूर, कोळी आणि नावाडी फार होते. त्यांच्यातील बहुतेक कुटुंबांनी बंदुकीची गोळी पाहिलीही नसेल. लष्करी खर्चाने माणूस असाही मरतो.

बासष्ट सालानंतर

स्वातंत्र्यानंतर पहिली बारा-पंधरा वर्षे संरक्षणाचा खर्च आटोक्यात होता. धरणे, पोलाद, शाळा यांना आधी पैसा द्यावा असे धोरण होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले आणि चित्र पालटले. महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. दोन वर्षांत संरक्षणाचा खर्च दुपटीहून अधिक झाला. देशाची फौज अपुरी होती आणि तिला सामान हवे होते, हे कोणीही शहाणा माणूस नाकारणार नाही. पण पैसा कोठून आला, हा प्रश्न तेव्हाही विचारायला हवा होता. १९६३ च्या सुरुवातीला सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली आणि देशभर सोनारांच्या घरांतल्या चुली थंडावल्या. सक्तीची ठेव योजना आली. १९६५ चे युद्ध झाले, अमेरिकेची मदत थांबली, लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. चौथी पंचवार्षिक योजना वेळेवर सुरूच होऊ शकली नाही. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांना 'योजनेची सुट्टी' म्हणतात. या सुट्टीचे कारण एकट्या लष्करी खर्चात नव्हते, पण तो त्यात होता.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. त्याच दशकात महाराष्ट्रात भंडारा, वरणगाव, अंबाझरी येथे शस्त्रनिर्माणी निघाल्या. भुसावळला ती १९४९ पासून होती. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला. ज्या गावांत एरवी शेतीखेरीज काही नव्हते तेथे पगाराचा दिवस आला, वसाहत आली, दवाखाना आला, मुलांना शाळा मिळाली. पहिल्या पिढीच्या कामगाराचा मुलगा पदविका घेऊन सुपरवायझर झाला, असे या गावांत पुष्कळ आहे. हा लाभ खरा आहे. त्याची किंमतही आहे. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आणि भंडाऱ्याच्या निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटांत माणसे गेली.

पण तिसरा प्रश्न येथेही सुटत नाही. ओझरच्या विमानाचे आराखडे सोव्हिएत रशियाचे होते. आपल्या कामगाराने विमान जोडायला शिकून घेतले, आणि ते सोपे काम नव्हते. विमान कल्पावे कसे, हे मात्र आराखड्याबरोबर येत नाही. कारखान्याचा माल घेणारा एकच, भाव ठरवणारा एकच आणि जे शिकलो ते बाहेर सांगण्याला गुपिताची बंदी. श्रीरंगपट्टणची भिंत येथेही थोडीफार उभी होती.

संशोधनाची वाट

१९५८ साली संरक्षण संशोधन आणि विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, स्थापन झाली. सुरुवातीला तिच्याकडे दहा प्रयोगशाळा होत्या, पुढे त्या पन्नासच्या आसपास गेल्या. पुण्यात पाषाणला शस्त्रास्त्रांची आणि स्फोटकांची, दिघीला लष्करी अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आहे. १९८३ मध्ये डॉ. कलाम यांच्या नेतृत्वाखाली क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला. त्याला ३८८ कोटी रुपये मंजूर झाले. 'पृथ्वी' १९८८ मध्ये आणि 'अग्नी' २२ मे १९८९ रोजी उडाले. १९८७ पासून मोठ्या देशांनी क्षेपणास्त्रांचे तंत्र आणि सामान विकण्यावर निर्बंध घातले होते, त्यामुळे पुष्कळ गोष्टी येथेच कराव्या लागल्या.

कलाम यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, १९६३ मध्ये अमेरिकेत वॉलप्स बेटावरील अवकाश केंद्रात त्यांनी टिपूच्या सैन्याच्या अग्निबाणांचे चित्र लावलेले पाहिले. आपल्या लोकांना ही आठवण फार आवडते. मला कलामांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. 'अग्नी' वातावरणात परत शिरताना जळू नये म्हणून कार्बनचे हलके आणि कणखर मिश्रण तयार केले गेले होते. हैदराबादच्या एका सरकारी रुग्णालयात पोलिओने अधू झालेली मुले सुमारे तीन किलोचे लोखंडी कॅलिपर ओढत चालताना त्यांनी पाहिली आणि त्याच मिश्रणातून सुमारे तीनशे ग्रॅमचा आधार करून देवविला. पुढे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांच्याबरोबर स्वस्त स्टेंट तयार केला. विद्या फाटकाबाहेर आली, ती अशी. पण ती एका भल्या माणसाच्या नजरेमुळे आली. कलाम त्या रुग्णालयात गेले नसते तर? विद्या बाहेर येण्याची वाट एका माणसाच्या सहृदयतेवर अवलंबून नसावी. ती वाट व्यवस्थेत असावी लागते.

अमेरिकेत ही वाट बरीचशी होती. तेथल्या संरक्षण खात्याने १९५८ मध्ये काढलेल्या 'आर्पा' या संस्थेने विद्यापीठांना पैसे दिले, आणि २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणक तारेने एकमेकांशी बोलले. आजचे इंटरनेट त्यातून वाढले. क्षेपणास्त्रांसाठी आणि चंद्रमोहिमेसाठी सरकारने घेतलेल्या सुरुवातीच्या महागड्या चिपांनी त्या धंद्याला पाय दिले. दिशा दाखवणारी उपग्रहांची यंत्रणा लष्कराची होती. मे २००० मध्ये तिचा अचूक संकेत सर्वांना मोकळा झाला. आज रिक्षावाल्याच्या मोबाईलमध्ये तो आहे. तरीही त्याच देशाचे सेनापती राहिलेले अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये हिशेब सांगितला होता की, एका आधुनिक बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत पक्क्या विटांची शाळा बांधता येते. १९६१ मध्ये निरोप घेताना त्यांनी शस्त्रउद्योगाच्या वाढत्या पकडीबद्दल देशाला सावध केले. उलट सोव्हिएत रशियात संशोधनाची अख्खी शहरे नकाशावरून गायब ठेवली होती. तेथील शास्त्रज्ञ कोणापेक्षा कमी नव्हते; पहिला उपग्रह त्यांचाच. पण साबण, बूट, फ्रीज करणाऱ्या कारखान्यांपर्यंत त्यांची विद्या पोहोचली नाही. १९९१ मध्ये ते राज्य मोडले तेव्हा अण्वस्त्रे होती आणि दुकानांपुढे रांगा होत्या. फार मोठे श्रीरंगपट्टण, असे मला ते वाटते.

आजचा रकाना

आपल्याकडेही काही भिंती उतरू लागल्या आहेत. पाषाणच्या प्रयोगशाळेत रचलेली 'पिनाक' ही अग्निबाणांची यंत्रणा १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली. श्रीरंगपट्टण पडल्याला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे झाली होती. पुढे तिचे फेकयंत्र खाजगी कारखान्यांनी बनवले, आणि अग्निबाण नागपूरच्या खाजगी कारखान्यातही होऊ लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुन्या शस्त्रनिर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला, कारण त्यांना रोजगाराची धास्ती होती. शिकलगारांचा इतिहास ठाऊक असलेल्याला ती धास्ती पोकळ वाटणार नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतला चौथा हिस्सा उद्योग, नवउद्योजक आणि विद्यापीठांसाठी ठेवण्याची घोषणा झाली. मोठ्या कंपन्या त्याचा लाभ घेतीलच. भोसरीचा लहान वर्कशॉपवाला आणि कोल्हापूरचा ओतारी त्यात येतो का, आमच्या तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलाला त्यात शिकाऊ म्हणून जागा मिळते का, हे पाहायला हवे.

आणि पहिला प्रश्न अजून तेथेच आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते आणि शिक्षण मंत्रालयासाठी सुमारे १ लाख २८ हजार कोटी. शिक्षणावरचा मोठा खर्च राज्ये करतात, म्हणून या दोन आकड्यांची थेट तुलना पुरती न्यायाची नाही. पण संरक्षणाच्या त्या रकमेत जवळपास चौथा हिस्सा निवृत्तिवेतनाचा होता आणि डीआरडीओचा वाटा चार टक्क्यांहूनही थोडा कमी. संशोधन संशोधन म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या वाट्याला इतके थोडे येते हे बहुतेकांना माहीत नसते.

डॉ. महबूब उल हक हे अर्थतज्ज्ञ पाकिस्तानचे अर्थमंत्री होते. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल त्यांनी सुरू केला. १९९४ च्या अहवालात त्यांनी माणसाची सुरक्षितता म्हणजे काय, हा प्रश्न मांडला. देशाची सरहद्द सुरक्षित आहे, पण घरातली मुलगी पाचवीनंतर शाळेत जात नाही आणि दवाखाना वीस मैलांवर आहे, तर सुरक्षित कोण? आपल्या उपखंडातल्या दोन्ही बाजूंच्या गरिबांना हा प्रश्न सारखाच लागू आहे. सरहद्दीवरच्या शिपायाला चांगले शस्त्र आणि चांगले बूट मिळालेच पाहिजेत. तो बहुधा गरीब शेतकऱ्याचाच मुलगा असतो. पण गोखल्यांनी १९०२ मध्ये ज्या जिद्दीने फौजेचा आणि शाळेचा आकडा शेजारी शेजारी ठेवला, तसा तो ठेवण्यात देशद्रोह नाही. ते नागरिकाचे काम आहे.

टिपूच्या बाणांचा अभिमान आपल्या मुलांना जरूर असावा. त्याबरोबर त्यांना हेही कळावे की, वुलिचच्या शस्त्रशाळेत आपल्या बाणांवर प्रयोग झाले तेव्हा ते बाण घडवणाऱ्यांचे वंशज येथे कात्र्यांना धार लावायच्या वाटेला लागले होते. फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो. वर्तमानपत्रात संरक्षणाच्या तरतुदीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. त्या दिवशी आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर तो आकडा लिहावा, शेजारी शिक्षणाचा लिहावा आणि मुलांना ते तीन प्रश्न विचारायला शिकवावे. निदान माझ्या वर्गात मी ते करतो.